फोडणी न पडलेलं स्वयंपाकघर

गेल्या दिवाळीत मावशीकडे फराळाला गेलो होतो. चकल्यांच्या ताटाशेजारी एक जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तिका पडली होती. मावशी आपलं पंचवीस वर्षांचं जुनं स्वयंपाकघर मोडून नवं करायला निघाली होती, आणि ही पुस्तिका त्या नव्या स्वयंपाकघराच्या दुकानातली. सहज उघडली, आणि काय सांगू दोस्तांनो, चकली हातातच राहिली!

दुधासारखा पांढराशुभ्र ओटा. मधोमध एक भलंमोठं दगडी बेट, त्याभोवती चार उंच स्टुलं. खिडकीतून तिरपं सोनेरी ऊन आत आलेलं. काचेच्या वाडग्यात पिवळीधमक लिंबं. लाकडी कपाटांना ना कडी, ना मूठ. आणि सगळीकडे अशी शांतता, की या खोलीत कुकरची शिट्टी कधी वाजली असेल असं वाटेचना.

माझी भाची सातवीत आहे. ती पुस्तिकेवर ओणवी होऊन म्हणाली, "मामा, हे कोणाचं घर आहे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडे चिवडा खात बसलेला तिचा धाकटा मामा, म्हणजे माझा मावसभाऊ, म्हणाला, "कोणाचंच नाही. हे स्वयंपाकघर जगात कुठेच नाहीये."

"मग फोटो कसा काढला?"

"फोटो काढलाच नाही."

आता हा धाकटा मामा असं ठामपणे का बोलला? कारण तो हेच काम करतो! पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत बसून तो न बांधलेल्या घरांची हुबेहूब फोटोसारखी चित्रं संगणकावर बनवतो. या चित्रांना 'रेंडर' म्हणतात. त्याची गिऱ्हाइकं बरीचशी परदेशातली, त्यामुळे त्याचं काम रात्री रंगात येतं. तिकडून निरोप येतो, 'ऊन जरा आणखी सोनेरी करा', 'लिंबं वाढवा'. (लिंबंच का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, पांढऱ्या-करड्या चित्रात पिवळा ठिपका पडला की डोळा तिथे टिकतो. हिंगाची डबी ठेवायला मात्र आजवर कोणी सांगितलेलं नाही!)

हे चित्र बनतं कसं ते आधी पाहू. पहिल्यांदा संगणकावर खोलीचा सांगाडा उभा करायचा. भिंती, ओटा, कपाटं, नळ, अगदी चमचासुद्धा. प्रत्येक वस्तू म्हणजे बारीक बारीक त्रिकोणांनी विणलेली एक जाळी. लांबी, रुंदी, उंची सगळं मापात. मग त्या जाळीवर कातडं चढवायचं. हे लाकूड, हा संगमरवर, हे स्टील, ही काच. प्रत्येकाला सांगावं लागतं की तू प्रकाश किती परत फेकायचास, किती गिळायचास आणि किती आरपार जाऊ द्यायचास. मग दिवे लावायचे, खिडकीबाहेर सूर्य टांगायचा, एक कॅमेरा ठेवायचा आणि संगणकाला म्हणायचं, 'हं, आता सांग, इथून काय दिसेल?'

खरी गंमत इथून पुढे आहे.

खऱ्या खोलीत काय होतं? सूर्यापासून किरण निघतो, ओट्यावर पडतो, तिथून उसळून भिंतीवर जातो, भिंतीवरून छतावर, आणि असा ठेचकाळत कधीतरी तुमच्या डोळ्यात शिरतो. पण असे असंख्य किरण इकडेतिकडे भरकटतात आणि डोळ्यापर्यंत येतच नाहीत. त्या सगळ्यांचा हिशेब ठेवत बसलं तर संगणक म्हातारा व्हायचा! म्हणून उलटं चालायचं. डोळ्यापासून किरण सोडायचा आणि तो कुठे कुठे आपटत दिव्यापर्यंत पोचतो ते पाहायचं. चोर सापडत नसेल तर त्याच्या पावलांचे ठसे उलटे धरत जायचं, तसं.

चित्रात समजा आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके आहेत. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. एकेका ठिपक्यातून हजार किरण सोडले तर झाले १,२०० कोटी किरण! आणि त्यातला प्रत्येक किरण पुन्हा पाच-सहा वेळा उसळ्या मारणार. किरण कमी सोडले की चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. किरण वाढवत जा, रवा विरत जातो. धाकटा मामा सांगतो, पूर्वी तो संध्याकाळी बटण दाबून घरी जायचा आणि सकाळी चित्र तयार झालेलं असायचं. आता वेगवान यंत्रं आली आहेत आणि उरलेला रवा पुसणारी हुशार प्रणालीही आली आहे, म्हणून रात्रीचं काम चहा पिईस्तोवर होतं. (चहा मात्र तो दोन-तीन पितो.)

चहाचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा सांगायलाच हवा. या साऱ्या विद्येच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू कोणती असेल? विमान? राजवाडा? छे! एक चहाची किटली!

१९७५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाचा संशोधक संगणकावर चित्रं काढण्याच्या खटपटीत होता. त्याला एक अशी वस्तू हवी होती की जी साधी, ओळखीची असेल, पण जिच्यात बाक असेल, भोक असेल, एका भागाची सावली दुसऱ्या भागावर पडेल. घरी चहा घेताना त्याची बायको सँड्रा म्हणाली, हा आपला चहाचा सेटच काढ की! सॉल्ट लेक सिटीतल्या दुकानातून घेतलेली ती साधी पांढरी किटली न्यूवेलने कागदावर रेखाटली, तिची मापं संगणकात भरली आणि ती सगळ्यांना वापरायला दिली. झालं! जगभरातले संशोधक नवी युक्ती सुचली की आधी या किटलीवर करून पाहू लागले. १९९५च्या 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या चहापार्टीतसुद्धा ती डोकावून गेली आहे. खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात मानाने बसली आहे. शेजारी ठेवलं तर कळतं, खरी किटली उंच आहे आणि संगणकातली थोडी बसकी! तेव्हा स्वयंपाकघरातल्या वस्तूचं चित्र आणि ती वस्तू यांत थोडा फरक असायचाच, ही परंपरा थेट तिथपर्यंत जाते म्हणा ना.

पुढे १९७९-८०च्या सुमारास टर्नर व्हिटेड याने अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत किरण उलटा सोडण्याची युक्ती अशी वाढवली की काच आणि आरसेही जमू लागले. चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन चकचकीत गोळे, एवढंच ते गाजलेलं चित्र. पण तेवढ्यासाठी त्या काळच्या दणकट संगणकाला तासाभराहून जास्त वेळ लागला होता.

तरीही ती चित्रं काहीशी खोटी वाटत. का? याचं उत्तर तुम्ही आत्ता घरबसल्या शोधू शकता. एक लालभडक पुठ्ठा घ्या आणि उन्हात पांढऱ्या भिंतीला अगदी लागून उभा धरा. भिंतीकडे नीट पाहा. भिंत किंचित गुलाबी झाली ना? पुठ्ठ्यावरून उसळलेला प्रकाश आपल्यासोबत लाल रंगाची चिमूट घेऊन गेला! खऱ्या खोलीत हे रंगांचं उष्टंमाष्टं सतत चालू असतं. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी याचाच अभ्यास केला. त्यांनी एक साधी खोकेवजा खोली घेतली. एक भिंत लाल, समोरची निळी, बाकी सगळं पांढरं. एका भिंतीचा रंग दुसरीवर कसा सांडतो हे त्यांनी गणिताने काढून दाखवलं. हा 'कॉर्नेलचा खोका' पुढे इतका गाजला की खराखुरा खोका बनवून, त्याचा फोटो काढून, चित्र आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून तपासायची पद्धतच पडली. (ही गोष्ट लक्षात ठेवा हं, शेवटी कामाला येणार आहे.) मग १९८६ साली जेम्स काजिया याने प्रकाशाच्या या साऱ्या उसळ्या एका समीकरणात बांधल्या. आजची रेंडर बनवणारी सॉफ्टवेअरं त्याच समीकरणाची पोरं-नातवंडं आहेत.

तरी एक अडचण उरलीच होती. दूध! आणि संगमरवर! दगडाच्या पृष्ठभागावरून प्रकाश नुसता उसळत नाही, तर थोडा आत शिरतो, आत भटकतो आणि भलतीकडूनच बाहेर येतो. म्हणून संगमरवर आतून उजळल्यासारखा दिसतो. अंधारात टॉर्चवर बोट ठेवलं की बोट लाल दिसतं, तोच प्रकार. २००१ साली हेन्रिक जेन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं सोयीचं गणित मांडलं, आणि तोपर्यंत प्लॅस्टिकसारखे दिसणारे संगणकातले दगड दगडासारखे दिसू लागले. आलिशान स्वयंपाकघरं विकणाऱ्यांचं केवढं मोठं काम झालं!

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ खरं स्वयंपाकघर बांधावं आणि फोटो काढावा.

याचं उत्तर द्यायला स्वीडनमधल्या आयकिया कंपनीइतकं चांगलं उदाहरण नाही. फर्निचर विकणारी ही कंपनी १९५१पासून दरवर्षी आपला कॅटलॉग छापायची. २०१६च्या आसपास या कॅटलॉगच्या वर्षाला २० कोटींहून अधिक प्रती निघत होत्या, ३२ भाषांमध्ये! त्यासाठी एल्महुल्ट या गावी त्यांचा अवाढव्य फोटो-स्टुडिओ होता. तिथे खोल्याच्या खोल्या उभ्या करायच्या, फोटो काढायचे आणि मोडून टाकायच्या. पण स्वयंपाकघराने त्यांना अगदी जेरीस आणलं. कारण अमेरिकेतलं स्वयंपाकघर वेगळं, जर्मनीतलं वेगळं, जपानमधलं तर आणखी वेगळं आणि आटोपशीर. प्रत्येक देशासाठी निराळा फ्रिज, निराळी शेगडी, निराळी मांडणी. ते सगळं सामान जहाजाने मागवा, जोडा, फोटो काढा, उपसा! त्यापेक्षा संगणकात एकदा खोली उभी केली की फ्रिज बदलायला कितीसा वेळ?

सुरुवात झाली ती बर्टिल नावाच्या एका साध्या लाकडी खुर्चीपासून, २००६च्या सुमारास. पुढे २००९ साली मोठी गंमत झाली. या चित्रांचा दर्जा पाहणाऱ्यांकडून तक्रार आली की ही संगणकाची चित्रं अगदी वाईट आहेत, बंद करा. चित्रं बनवणाऱ्यांनी ती नापसंत चित्रं तपासली, तर ते निघाले खरे फोटो! आणि जी दोन-चार फार आवडली होती, ती निघाली संगणकाची! त्यानंतर कंपनीने छायाचित्रकारांना संगणक शिकवला आणि संगणकवाल्यांना कॅमेरा. २०१४पर्यंत त्यांच्या सुट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रं संगणकावर बनत होती. कॅटलॉग २०२१च्या अंकानंतर बंद झाला. त्याच सुमाराला, म्हणजे डिसेंबर २०२०मध्ये, नवी मुंबईत तुर्भ्याला त्यांचं महाराष्ट्रातलं पहिलं मोठं दालन सुरू झालं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल.

पण आयकियाचं झालं सर्वसामान्यांसाठी. महागड्या स्वयंपाकघरांची तऱ्हा याहून वेगळी. त्यांची किंमत कधी कधी एखाद्या छोट्या फ्लॅटएवढी! ती कोणी आधी बनवून दुकानात रचून ठेवत नाही. गिऱ्हाइकाने हो म्हटल्यावर, त्याच्या खोलीच्या मापाने, कारखान्यात बनवायला घेतात. कित्येकदा तर ज्या इमारतीत ते बसायचं आहे त्या इमारतीच्या जागी अजून खड्डाच असतो! मग विकायचं काय? चित्र. आणि ते चित्र पाहून माणसाला वाटलं पाहिजे की मी उद्या सकाळी याच ओट्याशी, याच उन्हात कॉफीचा कप घेऊन उभा आहे.

त्यासाठी धाकट्या मामाजवळ एकेक युक्त्या आहेत, आणि त्यातली पहिली ऐकून मी चाटच पडलो. चित्र खरं वाटायला हवं असेल तर त्यात चुका टाकाव्या लागतात! संगणकाने काढलेली ओट्याची कड धारदार असते, अगदी भूमितीतल्या रेषेसारखी. पण जगात अशी कड कुठेच नसते. ब्लेडचीसुद्धा नसते. प्रत्येक कड किंचित गोल असते आणि त्या गोलाईवर प्रकाशाची केसाएवढी रेघ चमकते. ती रेघ नसली की डोळा म्हणतो, कुछ गडबड है! तसंच, फरशीची एखादी लादी किंचित तिरकी करायची. स्टीलवर बोटांचे पुसटसे ठसे उमटवायचे. एक खुर्ची थोडी ओढलेली ठेवायची, जणू आत्ताच कोणी उठून गेलं.

"म्हणजे पैसे घेऊन मळवायचं?" मावशीने विचारलं. "आमच्याकडे बाई लावलीय ती उलट्या कामासाठी."

दुसरी गोष्ट चकाकीची. ग्रॅनाइटच्या ओट्याकडे वरून सरळ पाहा, दगडाचे ठिपके दिसतील. आता खाली वाकून डोळे ओट्याच्या पातळीला आणा. दगड गायब, खिडकी दिसायला लागली! तिरकं पाहिलं की चकाकी वाढते. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी याचा नियम सांगितला, आणि धाकट्या मामाच्या प्रत्येक कपाटाला, कपाला नि बशीला तो लावलेला असतो.

रेंडर ओळखायचं कसं, हेही त्याने भाचीला शिकवलं. वाडग्यातली संत्री पाहा. एकच संत्रं फिरवून फिरवून सात वेळा ठेवलेलं असतं, देठाजवळचा डाग पुन्हा पुन्हा सापडतो. दोन कपाटांवरच्या लाकडाच्या रेषा जुळ्या बहिणींसारख्या असतात. मिक्सरला वायर नसते. आणि सिलिंडर? सिलिंडर तर आजवर कोणत्याच रेंडरमध्ये सापडलेला नाही!

इथवर सगळी हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती. मग मावशीने आतून एक निळी फाइल आणली.

तिने दुकानात पन्नास हजार रुपये आगाऊ भरले होते. पांढऱ्या दगडाचं 'टोकन'. एकूण काम साडेचार लाखांचं. मावशी शाळेतून निवृत्त झाली त्या पैशांतून तिने हे ठरवलं होतं. फाइलमध्ये पुस्तिकेतलं नव्हे, तर तिच्याच स्वयंपाकघराचं चित्र होतं. दुकानदाराचा माणूस घरी येऊन मापं घेऊन गेला होता, आणि त्या मापांवरून हे चित्र बनलं होतं. मावशी कौतुकाने म्हणाली, "बघा, आपलीच खोली. रचना बदलली की केवढी मोठी होते!"

धाकटा मामा चित्र पाहून गप्प झाला. तो काही बोलेना. बोलली ती भाची.

ती जमिनीवरच्या लाद्या मोजत होती. "आजी, तुझ्या स्वयंपाकघरातल्या लाद्या केवढ्या गं?"

"दोन फुटी. त्या नाही बदलायच्या, त्या तशाच ठेवायच्या आहेत."

"चित्रात समोरपासून खिडकीच्या भिंतीपर्यंत आठ लाद्या दिसतायत. म्हणजे सोळा फूट."

सगळे उठून स्वयंपाकघरात गेले. लाद्या मोजल्या. पाच. म्हणजे दहा फूट.

मग धाकट्या मामाने खुलासा केला. संगणकातल्या कॅमेऱ्याला भिंतीची अडचण नसते. खोली लहान असली की कॅमेरा सरळ भिंतीच्या पलीकडे न्यायचा, मधली भिंत पुसून टाकायची, जमीन तेवढी पुढे वाढवायची आणि तिथून पाहायचं. शिवाय रुंद पाहणारं भिंग लावायचं, म्हणजे समोरच्या वस्तू दूर दूर सरकतात. कॅमेऱ्याच्या पायाखालच्या लाद्या तर दिसतही नाहीत, त्या धरल्या तर कॅमेरा आणखी मागे. त्याने चालत चालत हिशेब केला, स्वयंपाकघराचं दार ओलांडलं, बोळ ओलांडला आणि दार उघडून आत जाऊन उभा राहिला. "इथून दिसेल आई, तुझं स्वयंपाकघर असं. भिंती नसल्या तर."

तो बाथरूममध्ये शॉवरखाली उभा होता.

भाची पोट धरून हसत सुटली. मावशी मात्र हसली नाही. ती खिडकीकडे पाहत होती. चित्रातल्या खिडकीबाहेर गुलमोहर होता. खऱ्या खिडकीबाहेर डक्ट आहे, त्यात पाइप आहेत आणि कबुतरं.

दुकानात फोन लावला. तिकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, खाली लिहिलंय ना, चित्र केवळ कल्पनेसाठी." आणि होतं की! मुंगीएवढ्या अक्षरात. आता, फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरने जाहिरातीत किंवा नमुन्याच्या घरात खोटं दाखवलं आणि त्यावर विसंबून कोणी पैसे भरले, तर भरपाई मागता येते. २०१६च्या रेरा कायद्यात तसं कलमच आहे. इतर मालासाठी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याही दिली आहे. पण चित्रातली एक भिंत पुसणं म्हणजे खोटं बोलणं की नुसतं 'कॅमेरा मागे नेणं'? खोलीची मापं आराखड्यावर अगदी बरोबर लिहिलेली होती. दहा फूट म्हणजे दहा फूटच. आराखडा कोणी पाहिला नाही, सगळ्यांनी चित्र पाहिलं.

मी धाकट्या मामाला विचारलं, "तू सुद्धा असं करतोस?"

तो थोडा वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिला. मग म्हणाला, "रोज. भिंत पुसल्याशिवाय छोटी खोली चित्रात मावतच नाही. कधी कधी ते बरोबरही असतं, कारण माणूस मान वळवून जेवढं बघतो तेवढं एका चित्रात दाखवायचं असतं. पण 'मोठं दिसू दे' असं सांगितलं की मी कॅमेरा आणखी दोन फूट मागे नेतो. ते मान वळवण्यासाठी नसतं. आतापर्यंत ती स्वयंपाकघरं कुठल्यातरी लांबच्या देशात होती."

त्या रात्री तो झोपला नाही. मावशीची टेप घेऊन त्याने सगळं पुन्हा मोजलं. बीम किती खाली आलाय, फ्रिजचं दार किती उघडतं, सिलिंडरला किती जागा लागते. मावशीला भिंतीशी उभं करून तिच्या डोळ्यांची उंची घेतली. चार फूट सात इंच. आणि त्याने दुसरं रेंडर बनवलं. कॅमेरा दारात, मावशीच्या डोळ्यांच्या उंचीवर. एकही भिंत पुसायची नाही. खिडकीबाहेर डक्ट. दुपारची चार वाजताची वेळ. ओट्यावर मिसळणाचा डबा, मिक्सर, त्याची वायर, पाण्याचं पिंप, ओलं फडकं. मावशी मागे उभी राहून सूचना करत होती. "इथे हळदीचा डाग टाक. पांढऱ्या दगडावर तो पडणारच."

चित्र तयार झालं तेव्हा कोणी 'वा' म्हटलं नाही. खोली लहान होती, जरा अंधारी होती. पण त्यात कितीतरी गोष्टी दिसल्या! खिडकीशेजारचं उंच कपाट आहे तेवढाही उजेड अडवत होतं. फ्रिजचं दार उघडलं की शेजारची ट्रॉली बाहेर येत नव्हती. वरच्या फळीपर्यंत मावशीचा हात पोचत नव्हता. पांढऱ्या दगडावर तो हळदीचा डाग असा काही उठून दिसत होता की विचारू नका.

ते चित्र घेऊन मावशी आणि धाकटा मामा दुकानात गेले. खिडकीजवळचं कपाट रद्द झालं, ओटा दोन इंचांनी खाली आला, दगड करडा ठरला. दुकानदाराने रचना बदलून दिली, त्याचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पांढऱ्या दगडाच्या टोकनातले वीस हजार मात्र परत मिळाले नाहीत ते नाहीतच. मावशी अजूनही त्यांचा हिशेब काढते. धाकट्या मामानेही एक केलं. आता कॅमेरा भिंतीपलीकडे नेला की तो गिऱ्हाइकाला चित्रासोबत त्याच कोनाचं, भिंत न पुसलेलं दुसरं चित्रही पाठवतो. काही जण ते वापरतात. बरेच जण वापरत नाहीत.

जानेवारीत स्वयंपाकघर पूर्ण झालं. पहिल्याच दिवशी भाचीने हट्ट धरला की आता कॉर्नेलच्या खोक्यासारखी परीक्षा घ्यायची. दारात, चार फूट सात इंचांवर मोबाइल धरून तिने दुपारी चार वाजता फोटो काढला आणि रेंडरच्या शेजारी ठेवला. मलाही पाठवला. मी बराच वेळ दोन्ही पाहत होतो. डक्टमधला तो फिकट उजेड सारखाच. मिक्सरची वायर जवळजवळ तशीच. मामा कांदे-लसणाची टोपली विसरला होता, ती फोटोत आहे. हळदीचा डाग फोटोत अजून नाही, मावशी म्हणाली, संध्याकाळपर्यंत पडेल.

आणि आणखी एक फरक आहे. शेगडीवरच्या चिमणीचा पत्रा चकचकीत आहे. फोटोत त्या पत्र्यात मोबाइल धरून, एक डोळा मिटून उभी असलेली भाची दिसते, आणि तिच्यामागे मोदकाचं ताट घेतलेली मावशी. मामाच्या चित्रात त्या जागी नुसता उजेड आहे.